राष्ट्रीय विंडसर्फिंग स्पर्धा भरवायची आहे, हमीपत्र घेतलं की पुरे का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मालवण तालुक्यातला तुमचा क्लब चार वर्षं गावातल्या मुलांना विंडसर्फिंग, म्हणजे शिड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर जाणं, शिकवतोय. येत्या फेब्रुवारीत तुमच्याच किनाऱ्यावर ‘राष्ट्रीय’ स्पर्धा घ्यायची आहे आणि साठेक खेळाडू येतील असा अंदाज आहे. परवानग्या कुणाकुणाच्या लागतील? कुणाला काही झालं तर जबाबदार कोण? दुबईत राहणारी दोन मराठी मुलं खेळायला येतो म्हणताहेत, ती चालतील का? आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: “सगळ्यांकडून हमीपत्र लिहून घेतलं की आपण मोकळे ना?”

त्या शेवटच्या ओळीसाठीच मी हे सविस्तर लिहायला बसले. गेली वीस वर्षं मी गोव्यात आणि कोकणात शिडाच्या शर्यतींवर काम करतेय. सुरुवातीला फिनिश लाइनवर शिडांचे नंबर लिहून घ्यायचे, मग सेफ्टी बोटींची जबाबदारी आली, आता रेस ऑफिसर, म्हणजे शर्यत चालवणारी अधिकारी, म्हणून बसते. हमीपत्रांचा गठ्ठा कपाटात आहे म्हणून निर्धास्त असलेले आयोजक मी पाहिलेत. त्या निर्धास्तपणाची मला भीती वाटते.

तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या स्पर्धेचा धनी कोण? परवानगीचा अर्ज कुणाच्या नावाने जातो, विमा कुणाच्या नावाने निघतो, खेळाडूला घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं, या सगळ्याचं उत्तर तिथे आहे. म्हणून आधी तेच.

‘राष्ट्रीय’ हा शब्द तुमच्या क्लबला स्वतःहून लावता येत नाही. आपल्याकडे विंडसर्फिंग हा यॉटिंगचाच, म्हणजे शिडाच्या बोटींच्या खेळाचाच, भाग आहे. त्याची राष्ट्रीय संघटना म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. ती १९६० साली स्थापन झाली आणि वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेला संलग्न आहे. कुठलीही शर्यत वर्ल्ड सेलिंगच्या नियमांखाली घ्यायची तर आयोजक कोण असू शकतो हे त्या नियमांतच, नियम ८९ मध्ये, लिहिलेलं आहे: राष्ट्रीय संघटना, तिला संलग्न असलेला क्लब किंवा संस्था, वगैरे. संलग्न नसलेल्या संस्थेला स्पर्धा घ्यायची असेल तर संलग्न क्लबाला सोबत घ्यावं लागतं. तेव्हा तुमचा क्लब संलग्न आहे का, हे आधी पाहा. नसेल तर गोव्यातला किंवा मुंबईतला एखादा संलग्न क्लब सहआयोजक म्हणून यायला तयार आहे का, ते विचारा. आणि ‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ म्हणायचं असेल तर संघटनेची लेखी मान्यता आणि तिच्या वार्षिक कार्यक्रमात तारीख, दोन्ही हातात असल्याशिवाय एकही पोस्टर छापू नका.

मी यावर इतका जोर देते त्याला कारण आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते, आणि खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून ती कसून होते. तुमच्याकडे पंधरा वर्षांचा मुलगा येईल, पदक घेईल, आई-वडील प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतील. सात-आठ वर्षांनी तो पडताळणीला जाईल आणि तेव्हा त्याला कळेल की ही स्पर्धा मान्यताप्राप्त नव्हती. तोवर तुम्ही ती स्पर्धा विसरलेले असाल. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी पंचवीस-तीस बोर्डांची खुली निमंत्रित स्पर्धा घ्या, पोस्टरवर आणि प्रमाणपत्रावर तेच नाव लिहा. ती नीट पार पडली की त्या कागदपत्रांच्या जोरावर पुढच्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा मागा. तरीही पहिल्याच वर्षी राष्ट्रीय घ्यायची असेल तर पुढचं सगळं दुप्पट काळजीने वाचा.

आता समुद्र. परवानग्यांच्या आधी समुद्राबद्दल लिहितेय, कारण प्रत्येक कार्यालय तुमच्याकडे पहिल्यांदा नकाशा मागणार आहे.

फेब्रुवारीत आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. ऊन तापलं की तो पडतो, थोडा वेळ पाणी काचेसारखं स्थिर राहतं आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. पण स्पर्धेचं वेळापत्रक छापताना हे विसरलं जातं, कारण पाहुण्यांना सकाळी दहाचं उद्घाटन सोयीचं असतं आणि लगेच एक शर्यत दाखवायची असते. खाऱ्या वाऱ्यात थकलेला मुलगा किनाऱ्याकडे ढकलला जातो, मतलई वाऱ्यात तो खोल समुद्राकडे जातो. तोच मुलगा, तोच थकवा, पण एकीकडे तो वाळूला लागतो आणि दुसरीकडे तुमची बोट त्याला शोधत फिरते. मुलांच्या शर्यती मी दुपारी एकच्या आधी सुरू करत नाही, मग पाहुणे कुणीही असोत.

खोली किती हवी, हे कुठले बोर्ड येणार त्यावर आहे. मुलांच्या टेक्नो २९३ बोर्डाला खाली मागे फिन आणि मधे डॅगरबोर्ड अशी दोन पाती असतात, त्याला फार पाणी लागत नाही. आयक्यूफॉइल, म्हणजे पाण्याच्या वर उचलले जाणारे बोर्ड, आले की गोष्ट बदलते. बोर्डाखाली ९५ सेंटीमीटरचा उभा दांडा आणि त्याच्या टोकाला पंख असतात. तो खडकाला किंवा दोरीला लागला की खेळाडू पुढे फेकला जातो. मालवणच्या आसपास पाण्याखाली खडक किती आहेत हे मी सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे पाण्याच्या पातळीत दोन मीटरच्या वर फरक पडतो, तेव्हा भरतीला मोकळा दिसणारा पट्टा ओहोटीला धोक्याचा होतो. फॉइलच्या कोर्समध्ये, म्हणजे शर्यतीच्या आखलेल्या मार्गात, तळातल्या ओहोटीलाही तीन मीटर पाणी राहील असं मी बघते, आणि ते अंदाजाने नाही. आधीच होडी घेऊन, शिसाचं वजन बांधलेली दोरी सोडून, प्रत्येक बॉयाच्या (कोर्स दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) जागी खोली मोजते.

कुठला वर्ग घ्यायचा हाही प्रश्न इथेच येतो. आरएसएक्स बोर्ड २००८ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये होता, २०२४ ला पॅरिसमध्ये त्याची जागा आयक्यूफॉइलने घेतली. पण आपल्या क्लबांमध्ये जुने आरएसएक्स अजून आहेत. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली ईबाद अलीने कांस्यपदक मिळवलं तेही आरएसएक्समध्येच. म्हणजे तुमच्याकडे तीन तऱ्हेचे बोर्ड येणार. फॉइलवाला वीस नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) वर जाऊ शकतो आणि त्याच्या वाटेत बारा वर्षांची मुलगी टेक्नोवर वळण घेत असेल. त्यांचे स्टार्ट वेगळे ठेवाच, जमलं तर कोर्सही वेगळा. तेवढ्या बोटी नसतील तर फॉइल यंदा वगळा.

हा नकाशा, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, तारखा, रोजच्या वेळा, बोटींची यादी आणि बचावाची योजना एकत्र बांधा. एकच फाइल, तिच्या आठ प्रती. मगच कार्यालयांच्या पायऱ्या चढा.

सरकारी कार्यालयांत सगळ्यात आधी महाराष्ट्र सागरी मंडळ. तुमच्या भागाचं काम वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक बंदर कार्यालयाकडे येतं. पाण्याचा पट्टा ठरावीक वेळेला वापरण्याचं ना-हरकत पत्र तिथून घ्यायचं. तुम्ही भाड्याने घेणार असलेल्या प्रत्येक यांत्रिक बोटीची नोंदणी, सर्वेक्षण, विमा आणि चालकाचा परवाना हे कागद ते मागतील, आणि मागायलाच हवेत. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ते अजून कुणी विसरलेलं नाही. बंदर निरीक्षक कडक वागले तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी काढलेली प्रत्येक त्रुटी म्हणजे तुमच्यावरचा एक धोका कमी झाला असं समजा.

दुसरी गोष्ट खास तुमच्या जागेची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. ते साधारण २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहे. किल्ला मागे ठेवून शिडांचे फोटो सुंदर येतात, म्हणून कोर्स तिकडे सरकवायचा मोह होईल. तो टाळा. वन्यजीव कायद्याखालची परवानगी स्थानिक कार्यालयात संपत नाही, तिला महिने लागतात, आणि आपल्या बॉयांचे नांगर तिथल्या प्रवाळावर पडावेत हे मुळातच बरं नाही. अभयारण्याची हद्द नकाशावर आखा, कोर्स आणि नांगराच्या जागा बाहेर ठेवा आणि तसं वनविभागाला लेखी कळवा. त्याच पत्रात कासवांबद्दल विचारा. ऑलिव्ह रिडले कासवं नेमकी याच महिन्यांत सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. मंडपाच्या जागी घरटं असेल तर मंडप हलवायचा. रात्री वाळूवर दिवे नकोत आणि ट्रॅक्टरही नको.

बाकीचं भराभर सांगते. किनाऱ्यावरचा तात्पुरता मंडप सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) कक्षेत येतो, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि काहीही पक्कं बांधू नका. स्थानिक पोलीस आणि सागरी पोलीस दोघांकडे अर्ज, लाउडस्पीकरचा वेगळा. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा ठराव. तटरक्षक दलाला तारखा आणि हद्द कळवणारं पत्र, आणि त्यांचा १५५४ हा नंबर प्रत्येक बोटीत चिकटवलेला. ड्रोन उडवणार असाल तर चिपी विमानतळ जवळ आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर तुमचा किनारा कुठल्या रंगात येतो ते आधी बघा. वॉकीटॉकी भाड्याने घेताना त्यांचा परवाना मागा. चिवल्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, म्हणजे तुमच्याकडच्या कार्यालयांना असे अर्ज नवे नाहीत. त्या आयोजकांना भेटून त्यांनी कोणाला कुठली पत्रं दिली ते विचाराल तर पंधरा दिवस वाचतील.

जी परवानगी कुठल्याच कार्यालयात मिळत नाही ती मच्छीमारांची. तुम्ही त्याच गावचे आहात, तरी सांगते. एकदा आमचा कोर्स ठरला, सगळे शिक्के मिळाले, आणि पहिल्या दुपारी रापणकार होडीतून जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊ लागले, थेट आमच्या स्टार्ट लाइनवरून. चूक आमची होती. कागद बंदर कार्यालयाला दाखवले, पण त्या वाळूवर पिढ्यान् पिढ्या रापण ओढणाऱ्यांना विचारलं नव्हतं. बांगड्याची झुंड आमचं वेळापत्रक बघून येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या मांडवात बसलो आणि ठरवलं: मासळी दिसली की ते काठीला लाल फडकं लावतील, आम्ही शर्यत थांबवून बोर्ड उत्तरेला घेऊ, रापण ओढून झाली की पुन्हा सुरू. तीन दिवसांत दोनदा थांबलो. दुसऱ्या वेळी मुलं रापणीच्या दोरीला हात लावायला धावली. तेव्हापासून मी कोर्सचा नकाशा पहिल्यांदा मच्छीमार सोसायटीत नेते, बंदर कार्यालयात नंतर. त्यांच्यातले दोन-तीन अनुभवी तांडेल (होडीचे प्रमुख) सेफ्टी बोटींवर घ्या आणि मानधन रोजच्या रोज द्या. तो समुद्र त्यांच्याइतका कुणाला माहीत नाही.

आता जबाबदारी.

शर्यतीच्या नियमांत नियम ३ आहे: शर्यतीत उतरायचं की नाही आणि ती चालू ठेवायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या बोटीचा. विंडसर्फिंगमध्ये बोट म्हणजे बोर्डावरचा तो एकटा खेळाडू. आयोजक या नियमाकडे बोट दाखवतात. पण तो नियम फक्त खेळाडूच्या निर्णयाबद्दल बोलतो. बचावाची बोट होती का, तिच्यात पेट्रोल होतं का, वादळाची सूचना आल्यावर तुम्ही शर्यत थांबवली का, याबद्दल तो काहीही बोलत नाही. ते निर्णय तुमचे आहेत.

हमीपत्राचंही तसंच. प्रौढ खेळाडूने सही केली तर तिला अर्थ आहे. समुद्रात वारा वाढतो, बोर्ड आपटतो, फॉइल कापतं, हे धोके माहीत असून तो उतरला एवढं त्यातून सिद्ध होतं. तुमच्या निष्काळजीपणाला त्याने माफी दिली असं सिद्ध होत नाही. आणि तुमच्याकडे येणारे बरेचसे अठराच्या आतले असणार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करार करायला सक्षम नाही. १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्याच्या निकालापासून आपल्याकडे अल्पवयीनाचा करार मुळातूनच रद्द धरला जातो. पालकांची सही जरूर घ्या. वैद्यकीय उपचारांना संमती, मुलाचे आजार, औषधांची ॲलर्जी, संपर्काचे नंबर यासाठी ती फार मोलाची आहे. पण ती ढाल समजू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि फौजदारी गुन्ह्यातून कुठलंही हमीपत्र सोडवत नाही.

तुमचा क्लब नोंदणीकृत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नोंदणी नसेल तर कायद्याच्या लेखी ‘क्लब’ म्हणून कुणी उभं राहत नाही, अर्जावर सह्या करणारी माणसं उभी राहतात. म्हणजे तुम्ही, तुमचा खजिनदार आणि त्याचं घर. सोसायटी नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखालची नोंदणी आधी पूर्ण करा, मगच प्रवेश फी घ्या.

विमा दोन तऱ्हेचा लागतो आणि दोन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत. एक खेळाडू, स्वयंसेवक आणि बोटीवरची माणसं यांचा वैयक्तिक अपघात विमा, नावांच्या यादीसकट. दुसरा तिसऱ्या पक्षाप्रती दायित्वाचा: तुमच्या बोर्डामुळे पोहणारा पर्यटक जखमी झाला किंवा कुणाची होडी फुटली, तर त्यासाठी. हा दुसरा मागताना एजंट कधी कधी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी पुढे करतो. ती घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या उपयोगाची नाही. स्पर्धेसाठीच्या दायित्वाची पॉलिसी मागा आणि ‘काय वगळलं आहे’ ते पान स्वतः बसून वाचा. एकदा माझ्या हातात आलेल्या पॉलिसीत मागच्या बाजूला ‘साहसी खेळ व जलक्रीडा वगळून’ अशी ओळ होती. विंडसर्फिंगच्या स्पर्धेसाठी काढलेली पॉलिसी, आणि विंडसर्फिंग सोडून सगळं तिच्यात होतं. स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. आम्ही ती बदलून घेतली, पण ते नऊ दिवस मला आठवतात.

पण खरं संरक्षण पाण्यावर असतं. ते कसं, ते एका दिवसाच्या गोष्टीने सांगते.

एका राज्यस्तरीय स्पर्धेत मी सेफ्टी बोटींवर होते. साडेपाचला शेवटची शर्यत संपली, वारा अजून चांगला होता, मुलं मजेत किनाऱ्याकडे येत होती. किनाऱ्यावर एका लाकडी फळीवर खिळे ठोकून प्रत्येक शिडाच्या नंबराचा लाल बिल्ला लटकवलेला असायचा. पाण्यात जाताना खेळाडूने स्वतः बिल्ला घेऊन मनगटाला बांधायचा, आल्यावर स्वतः परत लावायचा. सव्वासहाला फळीवर चाळीस बिल्ले होते. गेले होते एकेचाळीस. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. तीन बोटी वाऱ्याच्या दिशेने पसरून निघाल्या. पावणेसातला तो मुलगा सापडला. बोर्ड आणि शिडाची काठी यांना जोडणारा रबरी सांधा तुटला होता आणि शिड वाहून गेलं होतं. तो नुसत्या बोर्डावर पालथा पडून दोन्ही हातांनी वल्हवत होता. वय चौदा. ओठ निळे पडलेले. बोटीत घेतल्यावर पहिलं वाक्य बोलला, “शिड गेलं, बाबा रागावतील.” बिल्ल्यांची ती फळी नसती तर तो जेवणाच्या वेळी घरी आला नाही म्हणून शोध सुरू झाला असता. तेव्हा काळोख झालेला असता.

त्या दिवसापासून माझे नियम ठरले. बोर्ड सोडून जाऊ नका, हे रोज सकाळी मुलांना सांगते. बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो, पोहणारं डोकं दिसत नाही. मुलांच्या गटात आठ बोर्डांमागे एक सेफ्टी बोट, मोठ्यांत दहा-बारामागे एक, आणि रेस कमिटीची बोट, पाहुण्यांची बोट, कोचच्या बोटी यात धरायच्या नाहीत. प्रत्येक बोटीत दोघं: एक चालवणारा, एक पाण्यात उडी मारायला तयार. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी चालकाच्या पायाला बांधलेली, माणूस जवळ आला की पंखा बंद. आधी माणूस, सामान नंतर. माणूस उचलला आणि बोर्ड तिथेच सोडला तर शिडाच्या काठीला लाल-पांढरी फीत बांधायची, म्हणजे दुसऱ्या बोटीला कळतं की याचा खेळाडू सुरक्षित आहे. ही पन्नास रुपयांची फीत नसली की त्याच रिकाम्या बोर्डाभोवती तीन बोटी माणूस शोधत बसतात आणि खरंच मदत हवी असलेला दुसरीकडे राहतो.

लाइफ जॅकेट पूर्ण वेळ सक्तीचं, फॉइलला हेल्मेटही. वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, हे नियम ४० मध्येच लिहिलंय. किनाऱ्यावर रुग्णवाहिका उभी, डॉक्टर हजर, आणि जवळच्या रुग्णालयाला आधी पत्र. वाऱ्याची वरची मर्यादा स्पर्धेआधी लिहून ठेवा. मी लहान मुलांना वीस नॉटच्या वर पाठवत नाही. आधी लिहिलेली असली की पालक आणि कोच आग्रह करू लागले तरी रेस ऑफिसरला कागदाचा आधार मिळतो.

पात्रतेकडे येते. हे सगळं ‘नोटीस ऑफ रेस’ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या अटींच्या जाहीर पत्रकात, प्रवेशिका उघडण्याआधी लिहिलेलं असलं पाहिजे. तिथे नसलेली अट तुम्ही किनाऱ्यावर तोंडी लावू शकत नाही, आणि लावलीत तर प्रोटेस्टमध्ये (तक्रारीच्या सुनावणीत) टिकणार नाही. नियम ७५ प्रमाणे प्रवेशिका संलग्न क्लबाच्या सभासदामार्फत किंवा राष्ट्रीय संघटनेच्या सभासदामार्फत यावी लागते. म्हणजे तुमच्या गावातली मुलंसुद्धा आधी कुठल्यातरी संलग्न क्लबाच्या पटावर हवीत.

दुबईच्या मुलांबद्दल: ती कुठे राहतात हे महत्त्वाचं नाही, पासपोर्ट कुठला हे महत्त्वाचं. भारतीय पासपोर्ट असेल आणि सदस्यत्व पूर्ण असेल तर राहण्याच्या पत्त्यामुळे ती बाद होत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, भारताचं प्रतिनिधित्व करता येत नाही. क्रीडा मंत्रालयाचं ते धोरण २००८ पासून आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या क्रमवारीत त्यांचं काय करायचं हे राष्ट्रीय संघटनेकडून लेखी विचारून घ्या. खुल्या स्पर्धेत मात्र तुम्ही त्यांना आनंदाने घेऊ शकता. आजीच्या गावच्या समुद्रात ती मुलं शिड उभारणार असतील तर वाट अडवू नका, फक्त कुठल्या यादीत ती मोजली जातील ते आधी लिहा.

वयाचा दाखला जन्माच्या नोंदीचा घ्या, शाळेच्या ओळखपत्रावर विसंबू नका. वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता २०१० पासून आहे. माझा अनुभव असा की शंका आली तर ती प्रवेशिकेच्या वेळीच विचारावी. पदक गळ्यात पडल्यावर विचारलेली शंका मुलाला आयुष्यभर लागते, मग ती खरी ठरो वा खोटी. मी आणखी एक अट घालते: लाइफ जॅकेट घालून पन्नास मीटर पोहून दाखवायचं, मग तो कुठल्याही राज्याचा विजेता असो. मुलींची वेगळी क्रमवारी किती प्रवेशिकांना होईल तो आकडाही आधीच जाहीर करा, नाहीतर शेवटच्या दिवशी चार मुलींना सांगावं लागतं की तुमची क्रमवारी नाही. हे मला सांगावं लागलंय, आणि पुन्हा सांगायची माझी तयारी नाही.

कोच आणि पालकही नियमांत येतात. नियमपुस्तक त्यांना ‘सपोर्ट पर्सन’ म्हणतं आणि प्रोटेस्ट कमिटी त्यांच्यावर कारवाई करू शकते. कोचच्या बोटी नोंदवून घ्या, शर्यतीच्या वेळी कोर्सबाहेर ठेवा, आणि मदतीचा झेंडा वर गेला की त्याही बचावाला येतील अशी अट घाला. प्रोटेस्ट कमिटीत किमान तीन जण, आणि ज्यांची स्वतःची मुलं खेळताहेत त्यातला एकही नको. छोट्या गावात हे अवघड जातं, म्हणून बाहेरून माणसं बोलवा आणि त्यांच्या राहण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर धरा.

वेळेचा हिशेब असा: संलग्नता आणि राष्ट्रीय मान्यता वर्षभर आधी, खोली मोजणं आणि मच्छीमार सोसायटीशी बोलणं सहा महिने आधी, बंदर कार्यालय आणि वनविभाग चार महिने आधी, नोटीस ऑफ रेस तीन महिने आधी, विमा दीड महिना आधी. तुमच्या फेब्रुवारीला किती महिने उरलेत ते मोजा, म्हणजे यंदा राष्ट्रीय की खुली याचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

एक आकडा तुम्ही लिहिलेला नाही. चालू स्थितीतल्या, कागदपत्रं पूर्ण असलेल्या आणि स्पर्धेचे सगळे दिवस फक्त बचावासाठी राखून ठेवता येतील अशा किती यांत्रिक बोटी तुमच्याकडे आहेत? साठ खेळाडू आणि त्यात निम्मी मुलं असतील तर माझ्या हिशेबाने सात लागतील, एक बिघडेल म्हणून आठवी. चारच असतील तर प्रवेशिका तीसवर थांबवा. बोटींचा आकडा कळवा, त्यावरून गट कसे पाडायचे ते सांगते.